परक्या अंगणातील मूल आणि आपले सेवावाङ्मय

परमुलुखात राहणाऱ्या मराठी माणसाच्या हाती आपल्या भाषेतले काहीही पडले, की त्याची चिकित्सक बुद्धी लुळी पडते, असा निदान आमचा स्वतःविषयीचा अनुभव आहे. लखनौस येऊन आम्हांस अकरा वर्षे झाली. या काळात सोलापूरच्या चादरीला गुंडाळून आलेले शिळे वर्तमानपत्रही आम्ही सुरकुत्या काढून वाचले आहे आणि त्यातील अग्रलेखास मनोमन दाद दिली आहे. म्हणून गेल्या महिन्यात आमच्या मंडळाच्या रविवारच्या बैठकीत एका स्नेह्यांच्या कन्येची पत्रे वाचली गेली, तेव्हा सर्वांबरोबर आम्हीही टाळ्या वाजविल्या यात नवल नाही. नवल एवढेच, की ती पत्रे घरी आणून पेन्सिल हाती घेऊन दुसऱ्यांदा वाचताना त्या टाळ्यांचा आम्हांस संकोच वाटू लागला. ही पत्रे या मासिकात छापावीत काय, असे संपादकांनी विचारले आहे. प्रस्तुत लेखन हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते लांबले, कारण प्रश्न दिसतो तितका लहान नाही.

पत्रे चौदा आहेत. ती मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशातील अँटिग्वा या गावाहून लिहिलेली आहेत. हे जुने, दगडी रस्त्यांचे, ज्वालामुखींच्या कुशीतील गाव स्पॅनिश शिकविणाऱ्या शाळांसाठी प्रसिद्ध आहे. जगभरची तरुण मंडळी तेथे काही आठवडे राहून भाषा शिकतात, आणि त्यांपैकी पुष्कळजण दुपारचा वेळ लहान मुलांच्या एखाद्या शाळेत अथवा पाळणाघरात स्वयंसेवक म्हणून घालवितात. आमच्या स्नेह्यांच्या कन्येनेही तेच केले. सकाळी एका बाईंसमोर बसून चार तास स्पॅनिश, दुपारी तीन ते सहा वर्षांच्या मुलांत खेळ, गाणी आणि नाक पुसणे. मुक्काम सहा आठवड्यांचा. यासाठी तिने नोकरीतून साठविलेले पैसे खर्च केले, आणि ते किती झाले हेही तिने पत्रात लपविलेले नाही. हा प्रामाणिकपणा प्रथमच नोंदवून ठेवतो, कारण पुढे आम्हांस थोडे कठोर बोलावयाचे आहे.

पत्रांतील भाषेविषयीचा भाग खरोखरच वाचनीय आहे. स्पॅनिशमध्ये जवळच्या माणसाला 'तू' म्हणतात आणि तो शब्द अगदी आपल्यासारखाच 'तू' आहे, हे कळल्यावर तिला झालेला आनंद वाचकालाही होतो. आदरार्थी शब्द 'उस्तेद'. इतके वर्गात शिकून ती पाळणाघरात जाते, तर मुले आपापसांत तिसराच शब्द वापरीत आहेत: 'व्होस'. वर्गातले व्याकरण आणि अंगणातली बोली यांची ही पहिली चकमक तिने मोठ्या खुबीने टिपली आहे. शिकविणे आणि दाखविणे या दोन्ही अर्थी तिकडे एकच क्रियापद चालते, ही तिची नोंदही ध्यानात राहते.

परंतु मुले? चौदा पत्रांत मुले पानोपानी आहेत आणि तरीही ती कोठे नाहीत. ती 'गोड' आहेत, 'निरागस' आहेत, त्यांच्या डोळ्यांत 'चमक' आहे, ती गळ्यात पडतात, निरोपाच्या दिवशी रडतात. लेखिकेचे स्पॅनिश पत्रागणिक सुधारत जाते, मूल मात्र पहिल्या पत्रात हसत होते तसे चौदाव्यातही हसतेच आहे. या दोषाची जबाबदारी एकट्या या मुलीवर टाकणे अन्यायाचे होईल. सेवेविषयीच्या आपल्या बहुतेक लेखनाचा हा अंगभूत दोष आहे. सेवकाचे मन तेथे तपशीलवार उलगडते. ज्याची सेवा केली तो मात्र छायाचित्रातल्यासारखा स्थिर उभा राहतो. अशा वाङ्मयाला लावावयाची आमची कसोटी अगदी साधी आहे. लेखकाने अपेक्षिले नव्हते असे एखादे वाक्य त्यातील मूल बोलते काय?

या कसोटीला उतरणारा एक प्रसंग या पत्रांत आहे, आणि तो नवव्या पत्रात आहे. पाण्याला काय म्हणतात असे तिने चार वर्षांच्या एका मुलीला सरावासाठी विचारले. 'आग्वा' हे उत्तर तिला ठाऊकच होते. त्या मुलीने तेही सांगितले आणि पुढे म्हणाली, की आजीपाशी मात्र 'या' म्हणावे लागते, आजीला आग्वा कळत नाही. 'या' हा त्या डोंगराळ मुलुखातील काक्चिकेल या माया कुळातील भाषेचा शब्द. म्हणजे आमची ही विद्यार्थिनी जिच्याकडून स्पॅनिश शिकत होती, त्या मुलीलाही स्पॅनिश घरची नव्हतीच! ती चार वर्षांची पोर आधीच दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभी राहून कोणापाशी काय बोलावे हे ठरवीत होती. केवढा विषय हा! पत्रलेखिका मात्र "किती गंमत!" असे म्हणून पुढच्या ओळीत चॉकलेटच्या किमतीकडे वळते. वाङ्मय जेथे सुरू व्हावयाचे तेथेच पत्र संपते.

दुसऱ्या मुलुखातील लहान मुलांत जाऊन त्यांची भाषा उचलणे ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही, आणि त्यासाठी सातासमुद्रांपलीकडेही जावयास नको. (तिकडे गेलेलेही आहेतच. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत राहिले, तेथील चापिंगोच्या कृषिशाळेत शिकविते झाले आणि शेतकऱ्यांसाठी त्यांनी शाळा काढल्या; त्यांचे स्पॅनिश सहा आठवड्यांचे नव्हते.) साताऱ्यास जन्मलेले काका कालेलकर आश्रमाच्या शाळेत शिकविता शिकविता असे गुजराती झाले, की गांधीजींनी त्यांस 'सवाई गुजराती' म्हटले, १९६५ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक त्यांस मिळाले ते गुजराती ग्रंथासाठी. पण या विषयात आमच्या मनापुढे सर्वांआधी उभ्या राहतात त्या ताराबाई मोडक.

ताराबाई १८९२ च्या जन्माच्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. संसार मोडल्यावर त्या राजकोटास एका अध्यापिका विद्यालयाच्या प्रमुख म्हणून गेल्या आणि तेथून १९२३ मध्ये भावनगरास गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात आल्या. एवढ्या शिकलेल्या स्त्रीने अडीच-तीन वर्षांच्या मुलांत जाऊन बसावे, तेही परक्या भाषेत, ही त्या काळी पदावनतीच समजली गेली असेल. आम्हां नोकरदारांना तो शब्द लवकर कळतो. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. गिजुभाईंच्या जोडीने ताराबाईंनी गुजराती 'शिक्षणपत्रिका' चालविली आणि पुढे ती मराठीत आणली. या क्रमाकडे लक्ष द्यावे. त्यांनी मराठीतून काही नेऊन गुजरातला दिले, असे झाले नाही. गुजराती मुलांत बसून जे मिळाले ते त्यांनी मराठीत आणले. देणारा कोण आणि घेणारा कोण, याचा हिशेब येथे नेहमीच्या उलट लागतो.

गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' आम्ही वाचले ते लखनौस आल्यावर, काशिनाथ त्रिवेदींच्या हिंदी अनुवादात, आणि खरे सांगावयाचे तर हिंदी सुधारावे या हेतूने. पेशाने वकील, पूर्व आफ्रिकेत दोन वर्षे काढून आलेला, भरघोस मिशांमुळे 'मिशाळ आई' म्हणून गुजरातेत ओळखला गेलेला हा माणूस मुलांविषयी लिहितो तेव्हा त्यात कोठेही लाडिकपणा नसतो. पुस्तकातील शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा एक वर्ग वर्षभरासाठी प्रयोगाला मागून घेतो. पहिल्याच दिवशी तो मोठ्या विश्वासाने मुलांना शांततेचा खेळ खेळावयास लावतो, आणि मुले त्या शांततेचा असा काही बोजवारा उडवितात, की वर्ग बाजारासारखा होतो! घरी येऊन तो आपली टिपणे पुन्हा चाळतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगावयास बसतो. पुस्तकाचे सारे सामर्थ्य या पहिल्या पराभवात आहे. मुलांनी त्याला पाडले म्हणून मुले खरी वाटतात. आमच्या पत्रलेखिकेला सहा आठवड्यांत एकदाही कोणी पाडले नाही. पाडले असलेच, तर तिने ते लिहिले नाही.

तथापि 'दिवास्वप्न' निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्यातील विरोधक फारच लवकर विरघळतात. परीक्षा, पालक, सहकारी शिक्षक या भिंती प्रत्यक्षात किती जाड असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा विजय स्वस्त वाटतो. लेखकाने पुस्तकाला दिवसा पाहिलेले स्वप्न म्हटले आहे, म्हणून हा दोष तर्काने क्षम्य ठरतो. रसिकाचे समाधान त्याने होत नाही. आणखी एक गोष्ट आम्हांस अलीकडे फार टोचू लागली आहे. प्रयोग एका वर्षाचा आहे. वर्ष संपते तेथे पुस्तक संपते. ज्या मुलांना गोष्टींची, खेळांची, स्वतः वाचण्याची सवय लागली, त्यांचे पाचवीत काय झाले? छडीवाल्या मास्तरांपुढे ती पुन्हा बसली तेव्हा त्यांना काय वाटले? गिजुभाईंनी स्वतःचे सारे आयुष्य, १९३९ मधील निधनापर्यंत, या कामाला दिले. परंतु त्यांच्या कथेतील शिक्षक वर्षाने मोकळा होतो.

याच १९३९ साली, गिजुभाई जूनमध्ये गेल्यानंतर, नोव्हेंबरात मारिया माँटेसोरी भारतात आल्या. त्या मूळच्या इटालियन. पण त्याआधी सुमारे वीस वर्षे स्पेनमधील बार्सिलोना हे त्यांचे घर होते आणि १९३६ च्या यादवीने ते सोडावे लागले होते. मद्रासजवळ अड्यारला त्यांची व्याख्याने होत ती इटालियनमध्ये. पुत्र मारिओ वाक्यावाक्याला इंग्रजी करून सांगत. भोवतालची मुले बोलत तमिळ. १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच सरकारने मारिओंना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अटकेत ठेवले, तेही आपल्या अहमदनगरास! बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी त्यांची सुटका झाली. भाषेवाचून मुलांत वावरणे शक्य आहे याचा याहून मोठा दाखला आम्हांस ठाऊक नाही. कारण बाई पाहत असत. मूल काय उचलते, कोठे ठेवते, पुन्हा केव्हा उचलते, एवढे पाहण्यास क्रियापदांची रूपे यावी लागत नाहीत. आमच्या पत्रलेखिकेची अडचण भाषेच्या अपुरेपणाची नव्हती, हे यावरून स्पष्ट व्हावे.

१९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस आल्या. पुण्याच्या हुजूरपागेतील नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो भाग आज पालघर जिल्ह्यात आहे. वारली मुलांची बोली पुण्याच्या मराठीला जितकी जवळ तितकीच दूर. मूल शाळेत येत नाही, तेव्हा शाळा त्याच्या पाड्यावर न्यावी. त्याच्या अंगणातच वर्ग भरवावा. गुरे राखणाऱ्या मुलासाठी कुरणात शाळा न्यावी. महागड्या परदेशी साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने आणि खडे घ्यावेत, असे हे काम. आज देशभर सरकारी दप्तरात ज्या 'अंगणवाडी'ची रकाने भरून माहिती जाते, त्या शब्दाचे आणि कल्पनेचे मूळ या पाड्यांत आहे. आम्ही असे रकाने भरण्याच्या जातीचे असल्यामुळे हे सांगताना थोडा अभिमान आणि थोडी शरम अशी दोन्ही वाटते.

अनुताईंच्या आठवणींच्या पुस्तकाचे नाव 'कोसबाडच्या टेकडीवरून' असे आहे. त्या नावाशी आमचा जुना वाद आहे. टेकडीवरून दिसते ते दृश्य. अनुताईंचे सारे मोठेपण टेकडी उतरून पाड्यावर जाण्यात होते. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या या बाईंना वरून पाहण्याची सवय असणे शक्यच नव्हते. नाव सुंदर आहे म्हणूनच ते सेवावाङ्मयाच्या नेहमीच्या उभे राहण्याच्या जागेकडे नकळत बोट दाखविते. लिहावयास बसलेला प्रत्येक सेवक थोडा उंचावर जाऊन बसतो. अनुताईंचा बचाव एवढाच, आणि तो पुरेसा आहे, की १९४५ पासून १९९२ मधील मृत्यूपर्यंत त्या तेथून हलल्या नाहीत. ताराबाईही अखेरपर्यंत त्याच कामाशी राहिल्या. सत्तेचाळीस वर्षे राहिलेल्या माणसाने टेकडीवरून पाहिले तरी खाली प्रत्येक झोपडीत कोण राहते ते त्याला माहीत असते.

अल्पकाळच्या सेवेवर आज जगभर आक्षेप घेतले जात आहेत. कंबोडियात तर मुले ही प्रवाशांनी पाहावयाची स्थळे नव्हेत, हे सांगण्यासाठी बालकल्याणाच्या संस्थांना मोहीमच काढावी लागली. परदेशी पाहुणे येतात म्हणून अनाथालये वाढली आणि त्यांत आईबाप हयात असलेली मुले भरली गेली, असे तेथे उघड झाले. आमच्या पत्रलेखिकेचे पाळणाघर तसे नव्हते. मुले संध्याकाळी आपापल्या घरी जात. तरीही दर सहा आठवड्यांनी एक नवी मावशी येते, गळ्यात पडू देते आणि निघून जाते, याचा मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न शिल्लक राहतो. चौदाव्या पत्रात मुले रडली, हे लेखिकेने आपल्या यशाची पावती म्हणून लिहिले आहे. आम्ही ते वाक्य तीनदा वाचले.

तीनदा वाचण्याचे कारण घरगुती आहे. गेली तीन वर्षे आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती निशातगंजच्या बाजूस, गोमतीपासून फार दूर नाही अशा एका वस्तीत, रविवारी सकाळी लहान मुलांचा वर्ग चालवितो. प्रारंभी आम्ही बाहेर 'निःशुल्क बाल-शिक्षा' अशी पाटी लावली होती. साताऱ्याहून आलेल्या आमच्या मातोश्रींनी ती वाचली आणि विचारले, "मुलांना फुकट शिक्षा? ती तर सगळीकडे मिळते!" हिंदीतील आणि मराठीतील या एका शब्दाने आमच्या वर्गाचा पहिला धडा दिला. दुसरा दिला पाच वर्षांच्या एका मुलीने. सौभाग्यवती मराठी मायेने तिला 'तू' म्हणाल्या. पोर गंभीरपणे म्हणाली, "आंटी जी, हमसे तू न कहा कीजिए." लखनौत मुलालाही 'आप' म्हणण्याची रीत आहे, आणि ती केवळ हवेल्यांत राहिलेली नाही. मुलाचा मान राखावा हे आम्ही पुस्तकांतून शिकलो होतो. तो कसा राखतात हे त्या वस्तीने शिकविले. (तेथील मूल स्वतःला 'हम' म्हणते. मराठी समीक्षकांखेरीज एकट्या माणसाने स्वतःला 'आम्ही' म्हणवून घेण्याची सोय आम्हांस लखनौतच आढळली.)

गेल्या पावसाळ्यात आमच्या बदलीचा हुकूम आला: नागपूर. ज्याची आम्ही अर्ज करकरून आठ वर्षे वाट पाहिली तो हुकूम. आम्ही वर्गात सांगितले. कोणी रडले नाही. तोच 'हम'वाला जथा थोडा वेळ विचार करीत बसला आणि त्यांतील एक मुलगा म्हणाला, "वहाँ आपको हिंदी कौन सिखाएगा?" तीन वर्षे आपण यांना शिकवीत आहोत अशी आमची समजूत होती. त्यांची समजूत अगदी उलट होती. ती पोरे आमच्या लिंगवचनाच्या चुका निमूटपणे सुधारीत होती आणि आता आपला विद्यार्थी अर्धवट सोडून जात आहे याची त्यांना काळजी वाटत होती. त्या दिवशी आम्हांस काही उत्तर सुचले नाही. शेजारच्या एका शिक्षिकेने वर्ग पुढे चालविण्याचे कबूल केले आहे. ती तेथलीच आहे, तिची बदली होत नाही. आम्ही पेटी, खडू, गोष्टींची पुस्तके आणि बियांचे डबे तिच्या स्वाधीन करीत आहोत. पाटी मात्र तिने नको म्हटले. वस्तीत सर्वांना वर्ग माहीत आहे, पाटी बाहेरच्यांसाठी होती, असे तिचे म्हणणे.

तेव्हा पत्रलेखिकेवर आम्ही जे आक्षेप घेतले ते आम्हांसही लागू आहेत, हे मान्य करून संपादकांस आमचे मत कळवितो. चौदाही पत्रे छापू नयेत. प्रवासवर्णन म्हणून ती बरी आहेत, पण तशी प्रवासवर्णने पुष्कळ आहेत. भाषेविषयीचा मजकूर, 'तू' आणि 'व्होस' यांचा, पहिल्या चार पत्रांतून एकत्र करावा. दोन पानांत बसेल. निरोपाचे पत्र पूर्णपणे गाळावे. नववे पत्र छापावे, मात्र चॉकलेटची किंमत काढून टाकावी आणि लेखिकेला विचारावे, की आजीविषयी त्या मुलीने आणखी काय सांगितले. तिला आठवत असेल असे आम्हांस वाटते. पत्रात लिहावयाचे तिला त्या वेळी सुचले नाही, एवढेच. तिच्या वडिलांना हे मत रुचणार नाही. ते आमचे जुने स्नेही आहेत आणि पुढच्या रविवारी निरोपाच्या जेवणाला आम्ही त्यांच्याकडेच जाणार आहोत. 'दिवास्वप्ना'ची आमची हिंदी प्रत त्या मुलीसाठी सोबत नेत आहोत.